डाळिंबी ठिपका

फॅमिली रूमच्या फरशीवर निळ्या टेपची एक फुली होती, ती मी नखाने खरवडून काढली. शुक्रवारी सकाळी, व्याही यायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, कसली तरी घाण असेल. खरं म्हणजे वाटलं-बिटलं काही नाही. ती फुली कोणी चिकटवली आणि कशासाठी, हे मला पक्कं माहीत होतं. जगन्नाथने तीनदा सांगितलं होतं, "शरयू, या फुलीवर उभी राहून बघ एकदा. जवळून नाही कळायचं." आणि दर वेळी माझ्या हातात काहीतरी होतं. एकदा धुण्याची बास्केट, एकदा फोन, आणि एकदा हात रिकामे होते, तर डोक्यात राग होता.

जगन्नाथ म्हणजे माझा नवरा. घरात मी त्याला जगन्नाथच म्हणते, चक्क अरेतुरे करते. चारचौघांत मात्र 'अहो'. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमचं तुम्ही काहीही म्हणा, पण लोकांसमोर तेवढं सांभाळ गं." ते मी तीस वर्षं सांभाळलं. लोकांसमोरचं सगळंच मी फार छान सांभाळते. तोच तर घोळ आहे.

दीड वर्षापूर्वी त्याची नोकरी गेली. इथे अॅरिझोनात, चँडलरमध्ये, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत तो एकवीस वर्षं होता. सकाळी दहाला मीटिंग, आणि साडेबाराला हा दारात उभा, हातात खोकं, खोक्यात कॉफीचा मग. मी जेवायला वाढलं. तो जेवला. संध्याकाळी मंडळातल्या एकीचा फोन आला, गणपतीच्या वर्गणीचं विचारायला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अगं, त्यांनी स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलंय." जगन्नाथ समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्याकडे ज्याची म्हणून नोकरी जाते, तो कन्सल्टिंग करतो. सगळे सांगतात, सगळे मान डोलावतात. पण मी नुसतं सांगून थांबले नाही. मी त्याला क्लायंट दिले, कॉल्स दिले, एकदा तर ऑस्टिनची ट्रिपसुद्धा दिली. त्या आठवड्यात बिचाऱ्याला ग्रोसरीला जायची चोरी झाली होती, कोणी बघितलं तर!

आठ-नऊ महिने त्याने अर्ज केले. सत्तावन्नाव्या वर्षी कोण घेणार? मग एक दिवस त्याने कम्युनिटी सेंटरच्या पेंटिंग क्लासला नाव घातलं. मी म्हटलं, जाऊ दे, तेवढाच घराबाहेर पडेल. कसचं काय! महिन्याभरात इझल घरात आलं, फॅमिली रूममध्ये खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला म्हणे. आणि तिथे हा सकाळी आठपासून उभा.

बरं, चित्र म्हणजे नीटनेटकं, भिंतीवर शोभेलसं काहीतरी असेल अशी माझी समजूत. हा बाबा ट्यूबच्या ट्यूब पिळायचा. ब्रश घेतला तरी रंग असा भरून घ्यायचा की पोळीवर तूपसुद्धा आपण इतकं घेत नाही. नाहीतर ती छोटी थापी, गवंड्याची असते तसली. काळा, तपकिरी, जांभळट रंगाचे लपके कॅनव्हासवर थापायचा आणि मग ब्रशच्या मागच्या टोकाने त्यात ओरखडे काढायचा. पाच-सहा महिने एकच चित्र. त्याच्या गावचा समुद्र आणि खडप.

खडप म्हणजे समुद्रात शिरलेला काळा, दातेरी कातळ. गुहागरच्या खाली त्याचं गाव आहे, तिथे किनाऱ्यावर वाळू नावालाच, सगळा हा खडप. चित्रात त्याच्या कडा इतक्या वर आल्या होत्या की कपडा अडकावा. मी येताजाता म्हणायची, "चित्र काढतोयस की गिलावा करतोयस?" तो हसायचा. "अगं, खडप आहे तो. हाताला लागायला हवा."

"आणि हे वाळणार कधी?"

"वरून वाळल्यासारखं वाटतं. दुधावर साय धरते ना, तसं. आत मात्र कितीतरी महिने ओलंच असतं."

हे त्याने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या खडपाची आमच्या घरात एक जुनी गंमत आहे, ती सांगायला हवी. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्याच्या गावी गेले. मी सांगलीची, समुद्र कधी पाहिलेला नाही. ओहोटीला सगळं घर खडपावर कालवं काढायला निघालं, मीही निघाले. परतताना जगन्नाथच्या पायात गोळा आला आणि आम्ही दोघं तासभर तिथेच अडकलो. भरतीचं पाणी चढायला लागलं, घरचे किनाऱ्यावरून हाका मारताहेत, आणि आम्ही बसलेलोच. शेवटी कसेबसे भिजून परत आलो. तेव्हापासून त्याचे भाऊ त्याला सोडत नाहीत. अजूनही गावाहून फोन आला की पहिलं वाक्य तेच, "काय जगू, गोळा उतरला का?" सगळे हसतात. मीही हसते.

दोन आठवड्यांपूर्वी तर त्याने कहर केला. माझी स्टीलची ताटली घेतली आणि तीत लाल रंग कालवत बसला. हा लाल, तो लाल, त्यात चिमूटभर तपकिरी. चार दिवस हेच. "तो रंग सापडत नाहीये गं," म्हणे. मी म्हटलं, "माझी ताटली सापडत नाहीये, तिचं काय?" अखेर सापडला असावा. कारण खडपाच्या मधोमध एक पांढरा ठिपका बरेच दिवस होता, त्याच्या शेजारी डाळिंबी रंगाचा दुसरा ठिपका आला. करंगळीच्या नखाएवढा, पण चांगला उंच.

"हे काय पडलं?" मी विचारलं.

"लांबून बघ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फरशीवर ती निळी फुली आली.

त्याच सुमारास त्याला ईमेल आलं. इथल्या लायब्ररीत गावातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, त्याच्या टीचरने या चित्राचा फोटो तिकडे पाठवला होता. निवडलं त्यांनी. रंग ओला असला तरी चालेल, सोमवारी आणून द्या, न्यायचं खोकं टीचर देईल. जगन्नाथने ते ईमेल मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'वुई आर प्लीज्ड' ने सुरू होणारं दीड वर्षातलं पहिलंच. बाकी सगळी 'अनफॉर्च्युनेटली'. वाचताना त्याचा आवाज जरा हलला, आणि मी म्हटलं, "वा. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या रे?"

आता व्याह्यांचं. आमची अस्मिता आणि तिचा अनय दोघंही सिअॅटलला असतात, नोव्हेंबरात लग्न. अनयचे आईवडील शिकागोजवळच्या शॉमबर्गचे, मूळ नागपूरकर. गुरुनाथराव मोठ्या पदावर, शुभाताई तिथली मराठी शाळा चालवतात. फोनवर बोलणं झालेलं, पण घरी येणार ते पहिल्यांदाच. जूनमध्ये चँडलरला कोणी येत नाही, पण मुलांना सुट्टी तेव्हाच मिळाली.

मी आठवडाभर घर घासलं. आणि शुक्रवारी त्या इझलसमोर उभी राहिले तर डोक्यात तिडीकच गेली. खाली पसरलेले जुने पेपर, टर्पेंटाइनचा वास, रंगाने बरबटलेली माझी ताटली. घरात पाऊल टाकताच माणूस विचारणार, एवढं सगळं करतं कोण? आणि मग पुढचा प्रश्न, एवढा वेळ मिळतो कसा? अस्मिताच्या सासरी पहिल्याच भेटीत कळणार की मुलीचा बाप घरी बसलेला आहे. छे! मी जगन्नाथला चक्का आणायला पाठवलं आणि आवरायला घेतलं.

आधी फुली काढली. मग चित्राला बोट लावून बघितलं. वाळलेलं लागलं. क्लोझेटमध्ये ठेवावं तर पाहुण्यांचे कपडे तिथे जाणार. बेडरूममध्ये ठेवावं तर घर बघताना दिसणार. मग मी एक जुनी चादर घेतली, चित्राभोवती घट्ट गुंडाळली, सुतळीने बांधली, बिस्तरा बांधतात ना तशी, आणि गॅरेजमध्ये नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. घसरू नये म्हणून पाठीला तांदळाच्या दोन पिशव्या टेकवल्या. बाहेर एकशे चौदा डिग्री फॅरनहाइट होतं. गॅरेजमध्ये त्याहून जास्त असणार, मी तिथे मिनिटभरही थांबले नाही.

जगन्नाथ परत आला, चक्क्याचा डबा ओट्यावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"कुठे ठेवलंस?"

"गेस्टरूमच्या क्लोझेटमध्ये. नीट आहे."

"आडवं ठेवलंयस ना? वर काही टेकत नाही ना त्याला?"

"नाही रे बाबा! मला काही अक्कल आहे की नाही?"

त्याने खाली फरशीकडे बघितलं, जिथे फुली होती तिथे. मग म्हणाला, "बरं," आणि चक्का फेटायला घेतला. त्याने जाऊन बघितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, मूर्खासारखा.

शनिवारी दुपारी मंडळी आली, अस्मिता-अनयसुद्धा. शुभाताई इतक्या साध्या निघाल्या की मला आणखीच धास्ती वाटली. साध्या माणसांना सगळं दिसतं. श्रीखंड-पुरी, मटकीची उसळ, सुरळीच्या वड्या, सगळं मनासारखं झालं होतं. गुरुनाथरावांनी दुसऱ्यांदा वडी घेतली आणि सहज विचारलं, "मग जगन्नाथराव, सध्या दिवस कसे जातात?"

जगन्नाथने तोंड उघडायच्या आत मी सुटले. "अहो, दिवस कुठे पुरतात यांना! एका स्टार्टअपला गाइड करतात ना. परवाच मोठं प्रेझेंटेशन झालं. मी म्हणते, आता या वयात जरा कमी करा, तर ऐकतील तर शपथ!"

"आई," अस्मिता म्हणाली, "प्लीज स्टॉप."

"तू पुरी घे गं, गार होतेय."

गुरुनाथरावांनी शुभाताईंकडे पाहिलं. शुभाताईंनी आपल्या वाटीकडे पाहिलं. मला वाटलं, छाप पडली. खरंच मला तसं वाटलं, आज ते आठवलं की पदरात तोंड लपवावंसं वाटतं. जगन्नाथ पुरीला श्रीखंड लावत होता. एकच पुरी, कितीतरी वेळ.

मग शुभाताई म्हणाल्या, "आणि ते पेंटिंग? आम्हाला ते बघायचंच आहे हं. अस्मिताने फोटो पाठवला होता. मी यांना म्हटलं, फोटोत एवढं छान दिसतंय तर समोर कसं दिसेल. सोमवारी लायब्ररीत जाणार ना ते?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणजे यांना सगळं माहीत होतं? पोरीने फोटो पाठवला आणि मला पत्ता नाही!

आणि जगन्नाथचा चेहरा! दीड वर्षात मी तो चेहरा पाहिला नव्हता. तो लगबगीने उठला, हात धुतले. "आणतो ना. थांबा, उजेडात ठेवतो, म्हणजे रंगाचा उंचसखलपणा दिसेल. तिथून बघा, त्या टेबलापाशी उभं राहून." असं म्हणत तो गेस्टरूमकडे गेलासुद्धा. मी "अहो... अहो, ऐका..." म्हणेपर्यंत क्लोझेटचं दार सरकल्याचा आवाज आला.

तो परत आला. "शरयू, तिथे नाहीये."

सगळे माझ्याकडे बघत होते. "अहो, ते... गॅरेजमध्ये आहे," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त गॅरेजच्या दाराकडे गेला, आणि त्याच्या मागे सगळी वरात. मी सगळ्यांत शेवटी.

दार उघडताच तोंडावर भट्टीची झळ आली. त्याने तांदळाच्या पिशव्या बाजूला केल्या, सुतळी सोडली, आणि चित्र गॅरेजमधल्या जुन्या टेबलावर सरळ उभं करून चादरीचं टोक हलकेच ओढलं. चादर येईना. थोडी आणखी ओढली, तशी ती चिकट आवाज करत सुटायला लागली, आणि तिच्याबरोबर रंगही. त्याने हात थांबवला. पण अर्धवट सोडून तरी काय उपयोग? डोळे बारीक करून त्याने सगळी चादर काढली.

काय सांगू! जिथे खडपाच्या कडा होत्या तिथे सगळं सपाट, वर चादरीच्या विणीचा ठसा. लाटा घसरून खालच्या लाकडी पट्टीवर गोळा झाल्या होत्या. साय फाटून आतला ओला रंग ओघळला होता, काळ्यात निळा, निळ्यात पांढरा. पाच-सहा महिने.

"ओ माय गॉड, बाबा," अस्मिता म्हणाली. "हे इथे कोणी ठेवलं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, मी बोलणारच होते. पण जगन्नाथ आधी बोलला.

"मीच," तो म्हणाला. "म्हटलं, गरमीत लवकर वाळेल. शरयूने क्लोझेटमध्ये ठेवलं होतं, मीच काल इथे आणलं. विसरूनच गेलो बघा."

आणि मी गप्प बसले. ऐकताय ना? मी तोंड मिटून घेतलं. मनात पहिला विचार आला तो हा, की चला, सुटले. तो विचार माझाच होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता.

गुरुनाथरावांनी प्रसंग हलका करायला गंमत केली. "अहो, इंजिनिअर ना तुम्ही! चँडलरच्या गॅरेजमध्ये चित्र? ऑम्लेट झालं की त्याचं." अनय हसला. जगन्नाथही हसला, मान हलवत, कान पकडत. "गाढवपणा झाला खरा," म्हणाला. असंच हसायचा तो, दर वेळी, गावाहून फोन आला की.

शुभाताई हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढून तो फोटो उघडला आणि जगन्नाथपुढे धरला. "मला एक विचारायचं होतं. हे खडकावर दोन ठिपके आहेत ना, पांढरा आणि डाळिंबी, ही माणसं आहेत ना? मी फोन लांब धरून बघितलं तेव्हा कळलं. दोघं बसलीत."

मी पुढे वाकून त्या फोटोत बघितलं. आणि बघितल्याबरोबर दिसलं. हाताच्या तळव्याएवढ्या फोनवर दिसलं, जे सबंध घरात मला दिसलं नव्हतं. एक पांढऱ्या शर्टातला माणूस गुडघे जवळ घेऊन बसलाय, आणि त्याला चिकटून डाळिंबी साडीतली बाई. ती साडी माझ्या मामाने लग्नात दिलेली. चार दिवस माझ्या ताटलीत तो हाच डाळिंबी रंग शोधत होता.

"हो, ती शरयू," जगन्नाथ म्हणाला. "आणि हा मी. लग्नानंतरची गोष्ट. माझ्या पायात गोळा आला, आणि ही बिचारी माझ्यामुळे तासभर भरतीत अडकली. अजून भाऊ चिडवतात मला..."

"जगन्नाथ, गप्प बस!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की अस्मिता दचकली. व्याह्यांसमोर 'अहो' नाही, काही नाही. गप्प बस म्हणाले.

"गोळा-बिळा काही आला नव्हता याच्या पायात," मी म्हटलं. "मी घाबरले होते. पाय घसरला माझा, आणि मग मला उठताच येईना. लहान पोरीसारखी रडत होते. आजूबाजूला पाणी वाढत होतं, आणि हा माझ्याशेजारी बसला. ओढलं नाही, घाई केली नाही. 'बस, तुला वाटेल तेव्हा जाऊ,' म्हणाला. आणि किनाऱ्यावर येऊन सगळ्यांना सांगितलं, 'माझ्याच पायात गोळा आला.' नव्या सुनेचं हसं होऊ नये म्हणून. तीस वर्षं याला चिडवतात आणि तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर हसते. एकदाही सांगितलं नाही मी. सासूबाई गेल्या, त्यांनासुद्धा नाही."

घाम माझ्या डोळ्यांत जात होता, की आणखी काही, मला माहीत नाही.

"आणि हे चित्र मी इथे आणलं. काल. चादरीत बांधून. त्याला खोटं सांगितलं की क्लोझेटमध्ये आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून आणलं. तुम्ही विचाराल एवढा वेळ कसा मिळतो, म्हणून. याला नोकरी नाही, दीड वर्षं झाली. स्टार्टअप नाही, प्रेझेंटेशन नाही. सगळं मी रचलेलं. मला लाज वाटत होती याची."

"आई," अस्मिता म्हणाली, आवाज एकदम लहान झाला होता तिचा, "दे नो. त्यांना माहितीये. मी फर्स्ट मीटिंगलाच सांगितलं होतं. बाबांनीच सांगितलं होतं सांगायला."

शुभाताई माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "शरयूताई, आम्हाला कशाला हवं होतं हो ते? यांचीही गेली होती दोन वर्षांपूर्वी, आठ महिने. मीही कन्सल्टिंगच सांगत होते."

त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे मला कळलं. पण बरं वाटलं नाही. उलट असं वाटलं की जेवताना माझ्या त्या सगळ्या बाता हे लोक ऐकत होते, सगळं माहीत असून, चेहऱ्यावर हसू न येऊ देता, वडीची तारीफ करत. माझ्या घरात माझ्या ताटावर बसून त्यांनी माझी अब्रू सांभाळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"चला, आपण आत बसू. गरम होतंय इथे," शुभाताई सगळ्यांना म्हणाल्या, आणि मंडळी आत गेली. अस्मिता दारात घुटमळली. जगन्नाथने तिला मानेनेच जा म्हणून सांगितलं.

मी तिथेच तांदळाच्या पिशवीवर बसले. त्या पिशवीवर खाली ओघळलेला खडपाचा काळा रंग लागला होता, तो माझ्या चांगल्या साडीला लागला, लागू दे म्हटलं.

"मला रागव," मी म्हटलं. "ओरड तरी माझ्यावर."

तो दुसरी पिशवी ओढून माझ्या शेजारी बसला. गॅरेजमध्ये श्वास घेववत नव्हता, आणि हा बसला. "रागावलोय," तो म्हणाला. "खूप रागावलोय, शरयू. सोमवारी नुसते हात हलवत जायचं आता." मग म्हणाला, "पण बस. तुला वाटेल तेव्हा आत जाऊ."

तेव्हा मात्र मी रडले. आवाज आत जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून रडले, तर तो म्हणाला, "रड की नीट, त्यांना कळू दे." मग मी नीट रडले.

डोळे पुसून समोर बघितलं. टेबलावरचं चित्र आमच्यापासून दहा-बारा फुटांवर होतं, फुली होती तेवढ्याच अंतरावर. पहिल्यांदाच मी त्याच्याकडे लांबून बघत होते. ओघळलेल्या काळ्या रंगातही खडप कळत होता, त्याच्यावर चढणारं पाणी कळत होतं. पांढऱ्या ठिपक्याचा रंग जुना, चांगला वाळलेला, तो जसाच्या तसा उभा होता. मी त्याच्या शेजारी डाळिंबी शोधायला लागले. डावीकडे बघितलं, खाली ओघळात बघितलं. नव्हता.

माझ्या पायाशी चादर पडली होती. ती मी उचलली, उलटसुलट करून बघितली. डाळिंबी ठिपका तिला चिकटून आला होता, दाबून पसरलेला, अजून ओला. तिकडे कातळावर पांढरा ठिपका एकटाच बसला होता.